टीप कशाची, टिप किती?

शेजारची मुलगी आठवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. २०२० साली महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा झाला, तेव्हापासून आमच्या डोंबिवलीतल्या अशा अनेक घरांत संध्याकाळी मराठीचं पुस्तक उघडलं जातं. ही मुलगी आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येते. परवा आली ती चाचणीचा पेपर घेऊन. प्रश्न होता, 'टीप लिहा : ठाणे खाडी'. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : खाडीत कचरा टाकू नये. फ्लेमिंगो बघायला भरती-ओहोटीची वेळ विचारून जावं. सोबत दुर्बीण आणि पाणी घ्यावं. तिन्ही वाक्यं शुद्ध, तिन्ही खरी, आणि मार्क शून्य.

"मावशी, चुकलं कुठे? टिप्सच तर लिहिल्या मी."

तिचं फार काही चुकलं नव्हतं. तिने प्रश्नातला शब्द इंग्रजी समजून वाचला आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. प्रश्नातला शब्द मात्र मराठी होता. खाडी कुठून कुठे जाते, तिच्या काठची खारफुटी काय काम करते, २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, असं आठ-दहा ओळींत नोंदवून ठेवणं म्हणजे 'टीप लिहिणं'. पुढचा तासभर आम्ही दोघींनी खाडी बाजूला ठेवली आणि या दोन अक्षरी शब्दाचाच माग काढत बसलो. त्या तासातलं पुष्कळसं इथे लिहिते आहे, कारण तिच्यासारखी अडखळणारी मुलं घरोघर आहेत आणि त्यांना समजावून सांगणाऱ्या मोठ्यांनाही हा शब्द वाटतो तेवढा सोपा नाही.

आधी डोळ्यांना दिसणारा फरक. मराठी शब्द 'टीप', दुसरी वेलांटी. आपल्या लेखननियमांप्रमाणे, संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, अकारान्त शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार दीर्घ लिहायचा : गरीब, वकील, जमीन, तशीच टीप. त्याला प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की तो इकार ऱ्हस्व होतो : गरिबाला, वकिलाने, जमिनी, आणि टिपा, टिपेला. इंग्रजीतून आलेली 'टिप' मात्र उच्चाराप्रमाणे बहुतेक लोक पहिल्या वेलांटीने लिहितात आणि तिचं अनेकवचन इंग्रजीच ठेवतात, 'टिप्स'. दोन्ही शब्द आपल्याकडे स्त्रीलिंगी. त्यामुळे एकवचनात गोंधळ होतो. अनेकवचनात शब्द आपलं घर सांगतो. 'टिपा' म्हटलं की नोंदी, 'टिप्स' म्हटलं की सल्ले. प्रश्नपत्रिकेत 'थोडक्यात टिपा लिहा' असतं, 'टिप्स लिहा' कधीच नसतं. (आणि 'एक टिप्स देते' असं म्हणू नये. एक असेल तर टिप.)

पण खरी खूण वेलांटीत नाही. वर्तमानपत्रं दोन्ही वेलांट्या दोन्हीकडे वापरतात आणि बोलण्यात तर वेलांटी ऐकूच येत नाही. खरी खूण शेजारच्या शब्दांत असते, विशेषतः क्रियापदात. टीप घालतात, मारतात, उसवतात, लिहितात, देतात, ठेवतात. टीप मिळते, लागते. सूर टिपेला जातो. प्रत्येक क्रियापद वेगळ्या दुकानात घेऊन जातं. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, शब्द दिसला की आधी त्याचं क्रियापद शोध.

'मारणे' आणि 'उसवणे' ही क्रियापदं शिंप्याकडे नेतात. आम्ही तेव्हाच उठून कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडे गेलो, कारण ही टीप समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं. काकांनी मशीनची पट्टी सरकवून आतला बॉबिन दाखवला. हाताने घातलेला धावदोरा एकाच दोऱ्याचा असतो : सुई वर येते, खाली जाते, दोरा मागोमाग जातो. मशीनची टीप दोन दोऱ्यांची. एक वरच्या रिळाचा, एक खालच्या बॉबिनचा. मशीनच्या सुईचं भोक टोकाजवळ असतं. सुई दोरा घेऊन कापडातून खाली उतरते आणि परत वर निघायला लागते, तेव्हा दोरा कापडाला घासून अडतो आणि सुईच्या मागे त्याचा छोटासा फुगवटा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालचा फिरता आकडा येतो, तो फुगवटा पकडतो आणि बॉबिनभोवतून फिरवून आणतो. म्हणजे वरच्या दोऱ्याच्या फासातून अख्खा बॉबिनच पार झाला. मग वरची तरफ दोरा खेचून घेते, फास आवळला जातो, खालचे दाते कापड पुढे ढकलतात आणि सुई पुन्हा उतरते. हे एका टाक्याचं काम. पायाने मशीन चालवणारा सवयीचा माणूस मिनिटाला असे शेकडो टाके घालतो आणि त्या सलग रांगेला आपण टीप म्हणतो. अमेरिकेत एलायस हाव याने अशा दोन दोऱ्यांच्या यंत्राचं पेटंट १८४६ साली घेतलं.

चांगली टीप कशी ओळखायची हेही काकांनी दाखवलं, आणि ते प्रत्येकाने एकदा बघून ठेवावं. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध पडली पाहिजे, म्हणजे वरून आणि खालून टीप सारखी दिसते. खालच्या बाजूला दोरा सरळ रेषेसारखा पडला असेल आणि त्यावर वरच्या दोऱ्याची वेटोळी दिसत असतील, तर वरचा ताण सैल आहे. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील, तर वरचा ताण जास्त आहे. अशी टीप कपडा अंगात घालून हात वर केला की तुटते. रोजच्या सुती कपड्याला टाका साधारण अडीच मिलिमीटरचा ठेवतात. तो फार बारीक ठेवला तर सुईच्या भोकांनीच कापड कमजोर होतं आणि पुढे उसवायची वेळ आली तर जीव मेटाकुटीला येतो.

आमच्यापासून चार स्टेशनं पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीला हे नाव मिळालं. जुनी माणसं अजून 'कॅम्प'च म्हणतात. तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत या टिपेचे सगळे नमुने दिसतात. जीन्सच्या शिवणीवर शेजारी शेजारी दोन समांतर टिपा असतात, ती दुहेरी टीप. आणि जुन्या पद्धतीच्या जीन्सच्या पायाच्या घडीला साखळी टीप असते, जिच्यात बॉबिन नसतो. फासात फास अडकवत दोरा पुढे जातो. योग्य टोक सापडलं तर ती एका ओढीत सरसर उसवते. तांदळाच्या गोणीचं तोंड उघडताना आपण तेच करतो. दोन दोऱ्यांची टीप अशी उसवत नाही, एकेक टाका कापावा लागतो.

दुकानातून परतताना मुलीने विचारलं, ही टीप आणि पेपरातली टीप एकच का? माझं उत्तर असं : दोन्हींत एखादी गोष्ट जागच्या जागी पक्की करणं आहे. कापड दोऱ्याने पक्कं होतं, माहिती अक्षराने. तळटीप पानाच्या तळाशी घातलेली असते ती वरच्या मजकुराला आधार द्यायला. टिपण म्हणजे टिपलेली माहिती. टिपणं ठेवणारा तो टिपणीस; हे आडनाव आजही कितीतरी घरांच्या पाटीवर आहे. महापालिकेत किंवा मंत्रालयात फाइलवर लिहितात ती टिप्पणी. खालचा लिपिक विषय मांडतो, नियम सांगतो, आपलं मत लिहितो आणि कागद वर सरकतो. वरचा अधिकारी त्यावर शेरा मारतो. आणि लग्नाच्या बोलण्यात मुलामुलीचं 'टिपण' मागतात, तेव्हा ती जन्मवेळच्या ग्रहांची नोंद असते.

एक टिपण मात्र असं आहे, ज्यावर कल्याण-डोंबिवलीतल्या हजारो घरांच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांतल्या फार थोड्या लोकांनी ते पाहिलं आहे. भूमी अभिलेख कार्यालयात जमिनीच्या मोजणीचं जे मूळ कागदपत्र असतं त्याचं नाव 'टिपण'. इंग्रजी अमदानीत पहिली मोजणी झाली तेव्हा शेतात शंकू आणि साखळी घेऊन माणसं उतरली. शंकू म्हणजे काटकोन साधायचं साधं उपकरण. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. शेताच्या मधून एक सरळ रेषा धरायची, तिच्यावरून चालत जायचं आणि बांध जिथे जिथे वळतो तिथे त्या रेषेपासून काटकोनात बांधापर्यंतचं अंतर मोजायचं. शेताची हातानेच कच्ची आकृती काढून ही सगळी अंतरं तिच्यावर लिहायची. ही आकृती प्रमाणात नसते. टिपणावर शेत चौकोनी दिसलं म्हणून ते चौकोनी असेलच असं नाही. खरे ते आकडे. त्या आकड्यांवरून शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात, त्यांची क्षेत्रफळं काढून बेरीज केली की शेताचं क्षेत्र येतं. ही आकडेमोड ज्या वहीत असते ती गुणाकार बुक.

आणि आपण आजही ज्याच्या भाषेत जमीन बोलतो तो गुंठा याच साखळीतून निघाला : एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे तेहेतीस गुणिले तेहेतीस, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. ज्या भातशेतांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या बांधांचे वाद अजून निघतात तेव्हा मोजणीदार सातबारा बघतोच, पण बांधाची जागा ठरवायला तो टिपण उघडतो. सातबारा जमीन किती आणि कोणाची ते सांगतो. तिचा बांध कुठे वळतो हे टिपणात असतं. जागा घेताना वकिलाला हा कागद जरूर मागायला सांगावा.

मग 'टिपणे' या क्रियापदाकडे यावंच लागतं, कारण मला वाटतं या शब्दाचा प्राण तिथे आहे. चिमणी दाणे टिपते. आई पदराने डोळे टिपते. टिपकागद शाई टिपतो. छायाचित्रकार क्षण टिपतो, नेमबाज लक्ष्य टिपतो, विद्यार्थी महत्त्वाचं टिपून घेतो. या सगळ्यांत एकच हालचाल आहे : हलकेच स्पर्श करायचा आणि नेमकं तेवढंच उचलायचं. डोळे 'पुसणं' आणि डोळे 'टिपणं' यांत जो फरक आहे तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्या मुलीला मात्र करून दाखवावा लागला, तोही रुमालाने.

आता 'मिळणे'. 'पोलिसांना टीप मिळाली' हे वाक्य आमच्या भागातल्या बातम्यांत वरचेवर येतं. तिने यावर विचारलं होतं, किती मिळाली? तिचा प्रश्न रास्त आहे, आणि तो भाषेने कसा सोडवला आहे ते बघण्यासारखं आहे. पैशाच्या टिपेला आकडा लागतो : पन्नास रुपये टिप दिली. खबरीच्या टिपेला षष्ठी लागते : टोळीची टीप दिली, गोदामाची टीप दिली, घराची टीप दिली. 'किती' विचारता आलं तर ती टिप, 'कशाची' विचारता आलं तर ती टीप. पुस्तकातल्या टिपेला घेणारा नसतो. 'खाली टीप दिली आहे' एवढंच, ती येईल त्या वाचकासाठी असते. आणि सल्ल्याच्या टिपेला 'कशासाठी' लागतं : परीक्षेसाठी टिप्स, केस गळू नयेत म्हणून टिप्स.

खबरीची टीप एकाच वेळी पोलिसांची आणि चोरांची आहे. बंद घराची टीप चोराला देणारा असतो, त्या चोराची टीप पोलिसांना देणारा असतो. पोलिसांच्या लेखी भाषेत तिला 'गुप्त बातमीदाराकडून मिळालेली माहिती' म्हणतात, बोलण्यात माणूस 'खबऱ्या' आणि गोष्ट 'टीप'. ती मिळाल्यावर काय होतं? ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर हा सगळा पट्टा येतो, पण पद्धत कुठेही तीच. माहितीची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत होते, वरिष्ठांना कळवलं जातं, खात्री केली जाते, पंच सोबत घेतले जातात, सापळा लावला जातो, जे सापडलं त्याचा पंचनामा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. म्हणजे टीप हा पुरावा नसतो. पुरावा जिथे आहे तिथे नेणारं ते बोट असतं. न्यायालयात उभा राहतो तो पंचनामा आणि मुद्देमाल.

टीप देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १२५ होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३१ आहे. दीडशे वर्षं हा नियम टिकला, कारण नाव फुटण्याची भीती असेल तर कोणी तोंड उघडणार नाही.

(इथे मुलीने मधेच एक चांगला प्रश्न विचारला : पोलिसांचं ठाणं आणि आपलं ठाणे शहर, एकच शब्द का? हो. दोन्ही 'स्थान'पासून. शिलाहारांच्या काळात या शहराला श्रीस्थानक म्हणत. त्यामुळे 'ठाणेनगर पोलीस ठाणे' या नावात एकच शब्द दोनदा आला आहे.)

इंग्रजी 'टिप'चा प्रवास वेगळा आहे, आणि तिथेही एका शब्दाच्या पोटात निदान तीन शब्द आहेत. एक टोकाची टिप. एक कलंडण्याची, ओतण्याची. मागचा हौदा उचलून खडी ओततो तो 'टिपर' या टिपेचा, आणि ब्रिटिश लोक कचरा टाकण्याच्या जागेलाही टिप म्हणतात. कल्याणची आधारवाडीची कचराभूमी त्यांच्या भाषेत टिपच झाली असती. तिसरी देण्याची. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत 'टिप' म्हणजे हळूच हातात सरकवणं. तिथून पैसे सरकवणं आलं. १७०७ साली आलेल्या जॉर्ज फारकरच्या नाटकात चर्चमधल्या सेवकाला पैसे देण्यासाठी हेच क्रियापद आहे. एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर सरकवलेल्या माहितीलाही टिप म्हणू लागले, आणि त्यातूनच आजची उपयुक्त सूचना निघाली. सेवा तत्पर मिळावी म्हणून लंडनच्या कॉफीगृहांत ठेवलेल्या पेटीवरच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला, अशी एक गोष्ट फिरते. ती खरी नाही. त्या काळी आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची रीतच नव्हती. आपली टीप आणि त्यांची टिप यांचं नातं लावण्याचाही मोह होतो, पण तो आवरावा. दोन भाषांत दोन शब्द आपापले जन्मले आणि आमच्या गल्लीत शेजारी राहायला आले, एवढंच.

पैशाच्या टिपेसाठी मराठीत एक शब्द नाही, आणि ही उणीव आहे असं मला मुळीच वाटत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं बदललं की आपण शब्द बदलतो. गवयाला, कीर्तनकाराला बिदागी. गुरुजींना दक्षिणा. पोस्टमनला, झाडलोट करणाऱ्या ताईंना दिवाळीचं पोस्त. खूश होऊन दिली ती बक्षिशी. आणि काम अडवून उकळली ती चिरीमिरी, तिला कोणी टिप म्हणत असेल तर म्हणू देऊ नये. हॉटेलच्या टिपेला मात्र यांतला एकही शब्द नीट बसला नाही, म्हणून 'टिप' राहिली, आणि तिचं क्रियापद झालं 'ठेवणे'. बडीशेपेच्या बशीत टिप ठेवतात. हातात न देता ठेवण्यात घेणाऱ्याचा मान राखण्याची रीत आहे.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. बिलावर जीएसटी असतो तो कर. साध्या उपाहारगृहात बहुधा पाच टक्के, आणि तो द्यावाच लागतो. काही ठिकाणी 'सर्व्हिस चार्ज' म्हणून वेगळी रक्कम लावलेली असते. ती कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : ही रक्कम बिलात आपोआप लावता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा ती काढायला सांगता येते, आणि काढली नाही तर १९१५ या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करता येते. मग वाढप्याला जे द्यायचं ते आपल्या हाताने बशीत ठेवावं.

'लागणे' हे क्रियापद शेअरबाजाराचं. सकाळच्या गाडीत, ठाणे यायच्या आत, कोणी ना कोणी कोणाला सांगत असतं : परवाची टिप लागली. निशाण्याला लागावं किंवा लॉटरी लागावी तसं हे लागणं आहे, आणि या क्रियापदातच धोक्याची सूचना आहे. अभ्यासाने काढलेलं अनुमान 'बरोबर येतं', जुगार 'लागतो'. आमच्या पट्ट्यातल्या निवृत्त माणसांची भविष्यनिर्वाहाची रक्कम मोबाइलवरच्या अशा टिप्समध्ये गेलेली मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कंपनीच्या आतली, बाहेर जाहीर न झालेली माहिती कोणी दिली आणि तिच्यावर खरेदी-विक्री केली, तर तो सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे गुन्हा आहे, देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. आणि पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याची सेबीकडे नोंदणी असावी लागते. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. तो क्रमांक मागावा, सेबीच्या संकेतस्थळावर नावाशी ताडून बघावा. क्रमांक नाही, पण नफ्याची खात्री आहे, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबावं.

सल्ल्याच्या टिपेला आपल्याकडे किती सुंदर शब्द होते आणि आहेत. कानात सांगितलेला कानमंत्र. कुलूप उघडणारी गुरुकिल्ली. करून करून हाताला लागलेली हातोटी. अडलेलं काम सोडवणारी युक्ती. वस्तूच्या आत दडलेली खुबी किंवा मेख. भात मोकळा व्हावा म्हणून आजी उकळत्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकायची, ती युक्ती. पाणी किती ते बोटाच्या पेरावर मोजायची, ती हातोटी. 'टिप्स' या एका शब्दाने आपण या सगळ्यांना एकाच डब्यात भरलं. मी 'टिप्स'च्या विरुद्ध नाही, माझ्याही तोंडात तो शब्द आहे. पण डबा उघडून आतले जिन्नस मुलांना ओळखता यावेत असं मला मनापासून वाटतं. टोकाच्या टिपेचंही तसंच : पेन्सिलीचं टोक, झाडाचा शेंडा, नाकाचा शेंडा, भाल्याची अणी. आणि इंग्रज ज्या शब्दाला जिभेच्या टोकावर ठेवतो तो आपल्याकडे ओठांवर येऊन थांबतो.

शेवटी राहिली गाण्यातली टीप. तिला क्रियापद गतीचं : आवाज टिपेला गेला, टिपेचा सूर लागला. समजा गायकाचा षड्ज काळी एक पट्टीत आहे. पुरुषांच्या आवाजात त्या मध्य षड्जाची कंपनं सेकंदाला सुमारे १३९. वरचा, म्हणजे तार षड्ज, बरोबर दुप्पट, २७७. त्याच्याही वरचा तार पंचम तिप्पट, सुमारे ४१६. स्वरपट्ट्यांवरचा ताण आणि श्वासाचा दाब वाढवत आवाज असा वर न्यायचा आणि तिथे तो फाटू न देता ठेवायचा, याला टिपेला लागणं म्हणतात. पंडित राम मराठे ठाण्याचे. त्यांच्या आठवणीत ठाणे महापालिका दरवर्षी संगीत समारोह भरवते. 'मंदारमाला' या संगीत नाटकात त्यांचा तो तार सप्तकातला सळसळता आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना टीप म्हणजे काय ते आकड्यांनी सांगावं लागत नाही.

आम्हाला ती रोज लोकलमध्येही भेटते. सकाळच्या डोंबिवली आणि कल्याण गाड्यांतून भजनी मंडळी जातात. टाळ असतात, कधी डब्याच्या पत्र्यावरच ठेका. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली की खडखडाट दुणावतो आणि नेमका तेव्हा एखादा बुवा सूर टिपेला नेतो. त्याला कारण आहे. गाडीचा आवाज बराचसा खालच्या कंपनांचा असतो आणि तो खालच्या पट्टीतलं गाणं झाकून टाकतो. माणसाचा कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो. आवाज टिपेला गेला की त्याच्या वरच्या उपस्वरांना जोर येतो, ते त्या टापूत पडतात आणि खडखडाटाच्या वरून डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. बुवांनी हे वाचलेलं नसतं, पण गाडीने त्यांना शिकवलेलं असतं.

त्या मुलीने घरी जाऊन ठाणे खाडीवर टीप पुन्हा लिहिली. नऊ ओळी, दोन सनावळ्या, खारफुटीच्या मुळांचं एक छोटं चित्र. आणि आधीच्या तीन सूचना खोडल्या नाहीत. खाली रेघ मारून वेगळ्या मथळ्याखाली ठेवल्या. मथळा होता 'खाडी बघायला जाणाऱ्यांसाठी युक्त्या'. मी म्हटलं, युक्त्या नको, इथे 'सूचना' बरा. तिने थोडा विचार केला, 'युक्त्या' खोडून 'सूचना' लिहिलं आणि ओली शाई टिपायला माझ्याकडे टिपकागद मागितला.